ताईचं चालेल

माझ्या नणंदेला सगळी गल्ली ताई म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, थोरल्या नणंदेला वन्सं म्हणायचं. मी एकदोनदा म्हणून पाहिलं. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "अगं, वन्सं म्हटलं की मला वाटतं मागे कुणी म्हातारी उभी आहे. ताई म्हण आणि सोड मला." तेव्हापासून ताई, आणि तेव्हापासूनच मी तिच्या दुकानात काउंटरवर बसते. आलेले कपडे घ्यायचे, चिठ्ठी टाचायची, तयार कपडे परत द्यायचे आणि ताईवर चिडायचं, ही माझी कामं. शेवटचं कुणी दिलेलं नाही, ते मी आपणहून अंगावर घेतलंय.

आमच्या दुकानात नवीन काही शिवून मिळत नाही. अंगाला न बसणारे कपडे लोक घेऊन येतात आणि ताई ते बसवून देते. पँटची उंची, कोटाच्या बाह्या, वाढलेली पोटं, उतरलेली पोटं. अशी दुकानं गल्लोगल्ली असतात. ताईकडे गर्दी होते ती वेगळ्याच कारणाने. उभ्या माणसाच्या मापावर तिचा विश्वास नाही. टाचण्या लावून झाल्या की ती गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवते, बुटाची नाडी बांधायला वाकवते, वरच्या फळीवरचा रिकामा डबा हात उंच करून खाली काढायला लावते आणि परत ठेवायला लावते. आरशासमोर माणूस उभा राहून राहून किती वेळ राहणार, बाकीचा दिवस तो बसतो, वाकतो आणि कुठेतरी लटकतो, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकं याला कवायत म्हणतात. नवीन माणूस आला की जुनी गिऱ्हाइकं बाकावर सरकून बसतात आणि त्याची कवायत मजेने बघतात.

कवायत झाली की ताई विचारते, "कसं वाटतंय?" यावर गिऱ्हाईक "चालेल" म्हणालं की संपलं. ताई हात पुढे करते आणि म्हणते, "उतरवा." मग पुन्हा उसवणं, पुन्हा टाचण्या. घाईत असलेली माणसं चिडतात आणि त्यांना तोंड मला द्यावं लागतं, कारण काउंटरवर मी असते. एकदा मी तिला म्हटलं, लोक स्वतःच्या तोंडाने चालेल म्हणतायत तर तुझं काय जातं? तर म्हणाली, चालेल म्हणजे बसलेलं नाही. कपडा नीट बसला की माणूस त्याच्याबद्दल काही बोलतच नाही, तो पावसापाण्याचं बोलायला लागतो. चालेल म्हटलेला कपडा घरी जाऊन कपाटात पडून राहतो. मी चिठ्ठीवरची तारीख पुढे ढकलली.

ताईला एकुलती एक लेक. ताईचे यजमान लवकर गेले आणि पोर दुकानातच वाढली, मशीनच्या पायाशी, कापडाच्या चिंध्यांत. माझी ही भाची हाताने आईसारखी आणि तोंडाने आईपेक्षा तयार. तिचं लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशात गेली. तिकडे तिला काम मिळेना. मिळालं ते एका लाँड्रीच्या काउंटरवर, पावत्या फाडायचं. रोज दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. ताई फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि हात चालवत बोलायची. पोरगी काय सांगायची, तर आज किती मशिनं लागली आणि कुणाचा मोजा हरवला. ताई हसायची, पण फोन ठेवला की मशीन जोरात चालवायची. ज्या हाताला मी कातर धरायला शिकवलं त्या हाताने ती पावत्या फाडतेय, एवढंच एकदा म्हणाली. तिला एकच गोष्ट हवी होती, लेकीला लेकीच्या हाताजोगं काम मिळावं. पुढे जे काही झालं ते सगळं यासाठी झालं, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे माझ्या चिडण्याचा कुणी गैरसमज करून घ्यायला नको.

त्या लाँड्रीत एकदा कुणाच्या तरी कोटाची बाही भाचीने बसल्या बसल्या नीट करून दिली. मालकाने पाहिलं, विचारलं, कुठे शिकलीस. तिने आईचं दुकान, कवायत, सगळं सांगितलं. मालकाच्या डोक्यात किडा वळवळला. पुढे तो आमच्या बाजूला कसल्यातरी कामाला आला तेव्हा वाट वाकडी करून दुकानात हजर. उंच, हसरा, आणि भर उकाड्यात अंगात कोट. म्हणून आम्ही त्याला कोटवाला म्हणायला लागलो. ताईने फोन लावून दिला, पलीकडून भाची इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत राहिली. कोटवाल्याने स्वतः कवायत केली. बसला, वाकला, डबा काढला. काखेत कोट ताणला गेला तसा स्वतःच खदाखदा हसला. मला माणूस आवडला. खोटं कशाला बोलू, मला तो अजूनही तसा वाईट वाटत नाही.

त्याने फ्रँचायझीचं काढलं. आमचे हे, म्हणजे ताईचा भाऊ, फ्रँचायझी म्हणजे काय ते आम्हाला समजावायला बसले आणि स्वतःच गोंधळले. शेवटी भाचीने सोपं करून सांगितलं. दुकान तिकडे कोटवाला काढणार, जागा त्याची, मशिनं त्याची. नाव आपलं आणि काम करायची पद्धत आपली. नाव वापरल्याबद्दल तो आपल्याला वाटा देणार आणि पद्धत शिकवायला माणूस हवं, ते माणूस मी. हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा चेहरा असा फुलला होता की ताईने पुढचं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

वकिलांना दाखवलं. कागदांत एक कलम होतं, कामाच्या पद्धतीत काहीही बदल करायचा तर ताईंची संमती लागेल, फोनवर तोंडी दिली तरी चालेल. वकील खूश. म्हणाले, हे उत्तम, ताईंनी हो म्हटल्याशिवाय तिकडे सुईसुद्धा बदलता येणार नाही. आम्हीही खूश.

मग पद्धत लिहून घ्यायला कोटवाल्याने एक बाई पाठवली. तिने आमच्या नाकी नऊ आणले. कमरेत किती सैल ठेवता? ताई म्हणाली, अंमळ. भाचीने फोनवरून भाषांतर केलं. बाई म्हणाली, अंमळ म्हणजे किती? ताई म्हणाली, माणूस बघून. बाईने विचारलं, जाड माणसाला किती आणि बारीक माणसाला किती? ताई म्हणाली, ते जाड-बारीक असण्यावर नसतं, तो बसतो कसा त्यावर असतं. काही लोक खुर्चीत बसतात, काही खुर्चीवर पडतात. बाईने लॅपटॉप बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. तेव्हा भाचीच तिला म्हणाली, तुमची स्वतःची बाही जरा वर ओढा, मनगटावर कुठे लागतं ते बघा, लागायचं थांबतं तिथे अंमळ. बाईने ओढून पाहिली आणि तिला कळलं. मला भाचीचा इतका अभिमान वाटला. अंमळ हा शब्द त्या पोरीने परक्या भाषेत नेऊन पोचवला होता. म्हणून तर पुढच्या गोष्टीचा मला जास्त राग येतो.

दुकान उघडलं. पाटीवर त्यांच्या अक्षरांत ताई असं लिहिलेलं. फोटो आला तसा आम्ही तो गल्लीभर दाखवला. पण घोडं तिथेच पहिल्यांदा अडलं. त्यांच्या अक्षरांत ताई लिहिलं की तिकडचा माणूस वाचतो टाय. पहिल्या आठवड्यात लोक आले ते गळ्यातले टाय मागायला. आम्ही पोट धरून हसलो. कोटवाला हसला नाही, तो धंदेवाला माणूस. फोनवर म्हणाला, लोक मागतायतच तर टायचा एक स्टँड ठेवू का? भाचीने विचारलं. ताई हातातल्या पँटची पट्टी उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "चालेल."

आता, ताईच्या तोंडून हा शब्द मी जितक्या वेळा ऐकलाय तितका तिच्या सख्ख्या भावानेही ऐकला नसेल. ताईचं चालेल निरनिराळं असतं. मी चहा करू का, यावरचं चालेल म्हणजे कर. आणि दुसरं एक, ओढून म्हटलेलं, ज्याचा अर्थ डोकं खाऊ नका, मला पटलेलं नाही पण आत्ता भांडायला वेळ नाही. टायच्या स्टँडवरचं चालेल हे दुसरं होतं. भाची जन्मापासून ते ऐकत आलेली. तिने पलीकडे मान वळवून त्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि कोटवाल्याने अंगठा वर केला.

त्यानंतर दर पंधरवड्याला फोन. स्टँडला जागा लागते, खुर्ची आत ठेवली तर? चालेल. फळी आणि डब्यामुळे दुकान अडगळीचं दिसतं, काढू का? चाऽलेल. लोकांना दुसऱ्यांदा यायला वेळ नसतो, कवायत फक्त ज्याला हवी त्याची केली तर? ताईने कातर टेबलावर ठेवली, जरा जोरातच ठेवली, आणि म्हणाली, "बरं. चालेल." मी तिला कोपराने ढोसलं. फोन ठेवल्यावर तिला चांगली फैलावर घेतली. गिऱ्हाइकाचं चालेल तुला चालत नाही आणि स्वतः मात्र वाटत सुटलीयस? तर म्हणाली, "पोरीचा चेहरा बघितलास? नवा एप्रन दाखवत होती. त्यात मी नाट लावू?"

मग मी काय करणार? एवढ्या लांबून हाकारे घालायचे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मीही गप्प बसले, पण मनातून धुमसत होते. हे रागाचं असं आहे, की तो ज्याच्यावर काढायचा ते माणूस दिवसभर शेजारीच बसलेलं असलं की काढता येत नाही.

वर्ष सरताना करारातल्या एका कलमाप्रमाणे ताईला तिकडे जाऊन दुकान बघायचं होतं. एकटी जायला ती तयार होईना, म्हणून मी बरोबर. भाची विमानतळावर घ्यायला आली, गळ्यात पडली, मामी मामी करत माझी बॅग ओढत नेली. बारीक झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दुकानात गेलो.

रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना काचेची दुकानं, फुटपाथ धुतल्यासारखा. पाटी चांगली मोठी होती. ताई पाटीखाली उभी राहिली आणि पदर नीट केला, तेव्हा मला भरून आलं, हे कबूल करते. आत गेलो. उजव्या हाताला टायच टाय, सगळ्या रंगांचे. डाव्या हाताला भिंतीत एक फट, तिच्यातून कपडे आत टाकायचे. मधोमध फरशीवर दोन पावलं रंगवलेली. गिऱ्हाइकाने त्या पावलांवर ताठ उभं राहायचं, समोरचा कॅमेरा माप घेतो आणि आकडे पडद्यावर येतात. बसायला एक स्टूलसुद्धा नाही. फळी नाही, डबा नाही. भाची मागच्या खोलीत, पडद्यावरचे आकडे बघून टाचण्या लावत होती. ज्या कपड्याला ती टाचण्या लावत होती त्याचा माणूस तिने पाहिलेलाच नव्हता.

ताई दुकानाच्या मधोमध जाऊन थांबली. ती त्या रंगवलेल्या पावलांकडे बघत होती.

तेवढ्यात एक दांडगी बाई आली, अंगावर बस चालवणाऱ्यांचा गणवेश. तयार झालेला कोट तिने चढवला, खांदे एकदा हलवले आणि एक शब्द बोलली. भाची बाहेर येऊन पावती टाचत होती. तिच्या तोंडून सवयीने आपल्या भाषेत निघून गेलं, "चालेल म्हणतायत." आणि मग तिने जीभ चावली.

ताई पुढे झाली. खुणेने त्या बाईला बसा म्हणाली. बसणार कशावर? ताईने मालाचं एक खोकं ओढलं, उलटं केलं आणि त्यावर थोपटलं. बाई बिचारी बसली. हात पुढे धरून ताईने स्टिअरिंग फिरवल्यासारखं करून दाखवलं. बाईने तसं केलं आणि पाठीत कोट असा ताणला गेला की शिवण दात दाखवायला लागली. ताईने माझ्याकडे टाचण्यांसाठी हात केला. पण त्या बाईने घड्याळाकडे पाहिलं, उठली, ताईचा दंड प्रेमाने दाबला, काहीतरी बोलली आणि कोट घालून तशीच निघून गेली. मी विचारलं, काय म्हणाली? भाची खाली बघत म्हणाली, "माझी बस सुटायची वेळ झाली, असं म्हणाली. आणि काकू गोड आहेत म्हणाली." ताईचा हात टाचण्यांसाठी तसाच पुढे राहिला होता. तिकडे सगळं असंच होतं. भांडायला सापडावं असं कुणीच नव्हतं, सगळे हसून निघून जात होते.

संध्याकाळी भाचीच्या स्वयंपाकघरात स्फोट झाला. जावई कामावरून यायचे होते. ताई ओट्याला टेकून उभी, भाची टेबलाशी भाजी चिरत होती.

"माझं चालेल म्हणजे काय, ते तुला माहीत होतं," ताई म्हणाली. "जगात आणखी कुणाला नसेल, पण तुला होतं."

"माहीत होतं."

"मग त्याला काय सांगितलंस?"

"हो म्हणून सांगितलं." सुरी थांबली नाही. "आई, त्यांच्याकडे एक हो आहे आणि एक नाही आहे. मधलं काही नाही. मी यातलं कुठलं लावायचं?"

"नाही लावायचं होतं."

"तू म्हणाली असतीस तर लावलं असतं. एकदा तरी म्हणालीस? मी वाट बघायचे. प्रत्येक फोनला वाटायचं, आता म्हणेल. तुझं नाही हातात असतं तर मी त्याच्याशी भांडले असते गं. माझ्याकडे होतं काय? तुझं चालेल. त्याच्यावर कसं भांडायचं?"

मी म्हटलं, अगं, ती तुझ्यासाठीच. तर भाची माझ्याकडे वळून म्हणाली, मामी, तू मध्ये पडू नकोस, तू तर तिच्या शेजारीच बसलेली असायचीस. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी फोडणी बघायला लागले. ताई नंतर एवढंच म्हणाली, की तू खूश दिसायचीस. भाची म्हणाली, आधी खूश होते, नंतर तुला वाईट वाटू नये म्हणून दिसायचे. कुणीच कुणाला वाईट वाटू दिलं नव्हतं आणि त्यापायी दुकान हातचं गेलं होतं. मला दोघींना एकमेकींवर आपटावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कोटवाल्याची भेट. दुकानामागे त्याचं ऑफिस. दुकानात बसायला जागा नव्हती, पण ऑफिसात खुर्च्या होत्या, चांगल्या गाद्यांच्या. ताईने बसायच्या आधी एका खुर्चीवर हात दाबून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. कोटवाल्याने प्रवास कसा झाला ते विचारलं, मनापासून विचारलं. मग मुद्द्यावर आला. दुकान उत्तम चाललंय, आणखी तीन काढायची आहेत. पण ती नुसती फटीची. कपडा टाका, कपडा घ्या, मध्ये माणूस नको. त्यासाठी पद्धतीतून कवायत कायमची काढायला लागेल आणि त्याला ताईंची संमती हवी. संमती मिळाली तर चारही दुकानांची कारागीर मंडळी तयार करायचं काम भाचीकडे. टेबल सुटेल, स्वतःची खोली, तिच्या हाताखाली माणसं.

भाची हे सगळं एका सुरात सांगत गेली. स्वतःबद्दलचं आलं तेव्हाही सूर बदलला नाही, फक्त मानेवर लाली चढली.

ताईने तिला विचारलं, "तुला हवंय का हे?"

"मी भाषांतर करतेय, आई."

"मी तुला विचारतेय. मला सांग."

भाचीने कोटवाल्याकडे पाहिलं, मग आईकडे. "हवंय," ती म्हणाली.

माझा जीव टांगणीला लागला. मला वाटलं, आता ही पुन्हा तोच शब्द बोलणार, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं की बोलावा. पोरीचं भलं होतंय, कुणाचा कोट कुठे ताणला गेला तर गेला. ताई हाताच्या बोटांकडे बघत होती. सुईच्या मागचं बोट तिचं कायमचं चपटं झालंय, ते चोळत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "कपडा घालून बघणारा माणूसच नको असेल तर माझं नाव नको. सांग त्याला. जसंच्या तसं सांग."

भाचीने सांगितलं. त्या भाषेतलं नाही मला कळतं, ते कुणालाही कळतं. तिने त्याच्या पुढेमागे काही मऊ लावलं नाही, ते आलं तसं त्याच्यासमोर ठेवलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. त्या अंमळनंतर इतक्या महिन्यांत तिने आईचं पहिल्यांदा नेमकं भाषांतर केलं आणि ते स्वतःच्याच पोटावर पाय देणारं होतं.

कोटवाला चिडला नाही. मला वाटतं तो चिडला असता तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. त्याने खांदे उडवले, वाईट वाटलं म्हणाला. पाटी उतरवतो म्हणाला. दुकान त्याचं, मशिनं त्याची, कॅमेरा त्याचा, ते तसंच चालू राहील, दुसरं नाव लावेल. मग तो भाचीशी थेट बोलला, हळू आवाजात. तिने उत्तर दिलं. हे मात्र तिने आम्हाला सांगितलं नाही. रस्त्यावर आल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाली, पाहिजे तर राहा म्हणाला, आहे त्याच टेबलावर. मी राहते म्हटलं.

ताई चालता चालता थांबली. तिला वाटलं होतं, लेक म्हणेल चल, आपण दोघी काहीतरी काढू. किंवा निदान भांडेल. भाची म्हणाली, "आई, घराचं भाडं आहे. आणि लाँड्रीत पावत्या फाडण्यापेक्षा सुई बरी. तू तुझं नाव वाचवलंस ते बरोबरच केलंस. पण मला नाव नाहीये गं, मला नोकरी आहे." आणि समोरून बस येत होती म्हणून तिने आम्हाला दंडाला धरून बाजूला घेतलं.

येताना विमानात ताई माझ्याशी बोलली नाही, मी तिच्याशी बोलले नाही. माझं म्हणणं असं, की हे नाही तू टायच्या स्टँडला म्हणायचं होतंस. त्या दिवशी त्याला काही किंमत पडली नसती, कोटवाला हसला असता आणि खुर्ची जागेवर राहिली असती. जेव्हा नाही म्हणून काही वाचलं असतं तेव्हा हिने लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि जेव्हा लेकीच्या चेहऱ्याकडे बघायचं तेव्हा हिला कोट दिसले. हे सगळं माझं मनातल्या मनात इतक्या वेळा बोलून झालंय की ताईला ते ऐकू गेलं असणारच. तिचं काय म्हणणं आहे ते मला ठाऊक नाही. घरी आल्यावर ती सरळ दुकानात गेली आणि साठलेल्या पँटी उसवायला घेतल्या.

दुपारचा फोन अजून येतो. दोघी पावसापाण्याचं बोलतात, जावयाच्या सर्दीचं बोलतात. कामाचा विषय कुणी काढत नाही.

गल्लीत आम्ही तो पाटीचा फोटो इतका मिरवला होता की लोक विचारणारच. बाकावर बसलेलं कुणीतरी गिऱ्हाईक विचारतं, ताई, तुमचं परदेशातलं दुकान कसं चाललंय? ताई टाचण्या तोंडात धरूनच म्हणते, बंद झालं. मी काउंटरवरून ऐकते आणि चिठ्ठ्या टाचत राहते. दुकान बंद झालेलं नाही. त्याच्या किल्ल्या हल्ली भाचीकडे असतात आणि रोज सकाळी ते तीच उघडते.